घरात थर्मामीटर हवा आणि वहीही हवी

"पोराचं आंग गरम लागून राह्यलं जी, जरा हात लावून पाहा नं!" नागपुरातल्या आमच्या वस्तीत अशी हाक आली नाही असा आठवडा सहसा जात नाही. मग शेजारची काकू येते, कपाळाला तळहात लावते आणि म्हणते, "जराशी कसर आहे." दुसरी म्हणते, "काही नाही, झोपेतून उठला म्हणून गरम लागते." आजीबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायला काढतात. तीन हात लागतात आणि तीन निकाल मिळतात. पोराला ताप आहे की नाही, असला तर किती आहे आणि केव्हापासून आहे, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे मात्र कोणाजवळच नसतात.

वाचक हो, ही दुसऱ्यांची टिंगल नाही. आमच्या स्वतःच्या घरी हेच घडले आहे, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

२०११ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची धाकटी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. संध्याकाळी आम्ही कचेरीतून सायकलने भिजत घरी आलो, तेव्हा पत्नी म्हणाली, "आज ही दूध ओढत नाही, अंग गरम लागतं." आमची आई नुकतीच चुलीपासून उठली होती. तिने हात लावला आणि म्हणाली, "मले तर नाही लागत." आमचे हात पावसाने गार पडलेले, आम्हाला ते लेकरू चांगलेच कढत लागले. पण आमचा हात गार होता म्हणून तसे वाटले असेल, अशी आम्हीच आमची समजूत काढली. "सकाळी पाहू" असे ठरले. रात्री दोनच्या सुमारास तिचे रडणे क्षीण झाले, नुसती कुंथू लागली. तेव्हा कुठे ऑटोरिक्षा शोधायला धावलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "ताप केव्हापासून? किती होता? मध्ये उतरला होता का?" आम्ही नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. काखेत थर्मामीटर लावला, तो १०२ अंश दाखवू लागला. रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. अकरा दिवस दवाखान्यात काढले. मुलगी वाचली. आज ती उंचीने आईच्या बरोबरीला आली आहे. परंतु त्या रात्री डॉक्टर जे म्हणाले ते आम्ही विसरलो नाही. "दोन महिन्यांच्या बाळाला ताप असेल तर सकाळची वाट पाहायची नसते."

आम्ही पेशाने कारकून. हिशोबात दोन रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत खुर्चीवरून उठायचे नाही, ही आमची सवय. आणि स्वतःच्या लेकराच्या तापाची एक ओळ आम्ही कुठे लिहून ठेवली नव्हती! घरात रेडिओ होता, मोबाईल होता, थर्मामीटर नव्हता.

हात का चुकतो?

घरी एक सोपा प्रयोग करून पाहावा. तीन भांडी घ्यावीत. एकात सोसवेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात माठातले गार पाणी आणि मधल्यात कोमट पाणी. एक हात गरम पाण्यात व दुसरा गार पाण्यात दोन मिनिटे ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात घालावेत. एका हाताला ते पाणी गार लागेल, दुसऱ्याला गरम. पाणी एकच, साक्ष दोन! आपला हात उष्णता मोजत नाही. आपल्यापेक्षा समोरची वस्तू किती गरम किंवा गार आहे, एवढेच तो सांगतो. भाकऱ्या थापून आलेली आजी आणि पावसात भिजून आलेला बाप यांचे मत जुळत नाही, ते यामुळेच.

आणखी एक कारण आहे. ताप चढत असतो तेव्हा माणसाला हुडहुडी भरते आणि हातपाय गार पडतात. अंगाच्या आत पारा चढत असतो, पण वरून हात लावणाऱ्याला गारवा लागतो. हिवतापाच्या थंडीत तर हे हमखास होते.

म्हणून काय आईचा हात टाकाऊ ठरतो? मुळीच नाही. आई म्हणते "आज पोर बरं नाही", तेव्हा ते खरे धरावे. आईचा हात ही घंटा आहे. घंटा वाजली की उठावे आणि मोजावे.

मोजण्याने काय होते?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरसुद्धा बहुधा हातानेच ताप पाहत. थर्मामीटर होते, पण लांबलचक, आणि निकाल द्यायला त्यांना वीस-वीस मिनिटे लागत. १८६० च्या दशकात इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी सुमारे सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर तयार करवून घेतला. त्याच काळात जर्मनीतल्या लाइपझिग शहरी कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांचे ताप मोजून नोंदवले आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ काढला. ताप कसा चढतो आणि कसा उतरतो, यावरून आजाराची चाल कळते, हे त्यांनी नोंदींच्या जोरावर दाखवले. रुग्णाच्या खाटेला तापाचा तक्ता लटकू लागला, त्यामागे ही मेहनत आहे.

पण एवढ्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या विदर्भातच पाहा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक काम केले. गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून तयार केले. या बाया बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, काखेत थर्मामीटर लावीत, श्वास मोजीत आणि सगळे कागदावर लिहीत. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की ठरलेले उपचार घरीच देत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचे काम देशभरातल्या आशाताईंकडे आले. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर असतो तो म्हणूनच.

एकट्या थर्मामीटरने हे झाले नाही, उपचार होते, देखरेख होती. पण पाचवी-सातवी शिकलेली बाई ताप मोजू शकते, लिहू शकते आणि त्यावरून वेळीच पाऊल उचलू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मग आपल्या घरातल्या बारावी झालेल्या सुनेला, नववीतल्या लेकीला हे का येऊ नये? आणि घरच्या पुरुषाला का येऊ नये?

ताप कसा मोजावा?

दोनशे रुपयांच्या आत साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो घ्यावा.

१. लहान मुलांचा ताप काखेत मोजावा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात थर्मामीटर देऊ नये, ते चावते.

२. काखेतला घाम आधी पुसावा. थर्मामीटरचे टोक काखेच्या मध्यभागी कातडीला टेकवावे, मध्ये सदरा-बंडी येऊ देऊ नये. मग दंड अंगाशी दाबून धरावा.

३. डिजिटल असेल तर बीप वाजेपर्यंत थांबावे. काचेचा पाऱ्याचा असेल तर घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवावा. त्याआधी झटके देऊन पारा ९६ च्या खाली आणावा.

४. मोठ्या माणसाने तोंडात, जिभेखाली धरावा. चहा किंवा थंड पाणी घेतल्यावर अर्धा तास थांबावे. अंघोळीनंतर आणि उन्हातून आल्यावरही जरा थांबावे.

५. वापरल्यावर साध्या पाण्याने व साबणाने टोक धुवावे. उकळत्या पाण्यात बुडवू नये.

काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो. कोणी त्यात एक मिळवतात, कोणी अर्धा. हिशोबात अशी खाडाखोड करू नये. जो आकडा दिसला तोच लिहावा आणि पुढे 'काख' किंवा 'तोंड' लिहावे. बाकी डॉक्टर पाहतील.

साधारणपणे काखेत ९७ ते ९९ अंश फॅरनहाइट असणे स्वाभाविक आहे. पहाटेपेक्षा सायंकाळी ते थोडे जास्त असते. म्हणून ९८.६ पेक्षा एक-दोन दशांश जास्त दिसले की घाबरू नये. काखेत ९९.५ च्या वर किंवा तोंडात १०० च्या वर गेला तर ताप समजावा.

२०२० साली करोनाच्या काळात दारोदार कपाळावर रोखल्या जाणाऱ्या 'बंदुका' आपण पाहिल्या. त्या झटपट चाळणीसाठी ठीक आहेत. परंतु कपाळाला घाम असेल, माणूस उन्हातून आला असेल, तर त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. आजारी माणसाचा ताप काखेत किंवा तोंडातच मोजावा.

पाऱ्याविषयी दोन शब्द

जुना काचेचा थर्मामीटर घरात असेल तर तो फुटू देऊ नये. पाऱ्याचे चकचकीत थेंब मुलांना खेळायला देणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासावाटे अंगात जाते आणि मेंदू व मूत्रपिंडांना अपाय करते. थर्मामीटर फुटलाच तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, हातातले सोने उतरवून ठेवावे, कारण पारा सोन्याला चिकटतो. झाडू मारू नये. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.

तमिळनाडूतल्या कोडाईकनाल येथे पाऱ्याच्या थर्मामीटरचा मोठा कारखाना होता. तेथल्या पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध आवाज उठल्यावर तो २००१ मध्ये बंद झाला, आणि तेथल्या ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. आपल्या काखेतल्या काचेच्या नळीमागे कोणाकोणाचे श्वास होते, हेही माहीत असावे. पाऱ्याचा वापर थांबवण्याचा मिनामाता करार जगातल्या देशांनी २०१३ मध्ये केला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. तेव्हा नवा घ्यायचा तर डिजिटलच घ्यावा.

आकडा पाहून केव्हा धावावे?

तीन महिन्यांच्या आतले बाळ असेल आणि काखेत ९९.५ किंवा अधिक आले, तर रात्र असो की दिवस, त्याच तासाला दवाखाना गाठावा. घरचे औषध देऊन वाट पाहू नये. तसेच बाळाचे अंग ९६ च्या खाली गेले, ते गार व सुस्त पडले, तर तेही तितकेच धोक्याचे आहे. त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घालून न्यावे. अंग गार लागते म्हणजे बाळ बरे आहे, ही समजूत अनेकांना महागात पडली आहे.

मोठ्या मुलाच्या बाबतीत आकड्याइतकेच मुलाकडे पाहावे. १०२ ताप असूनही पोर खेळते, पाणी पिते, तर थोडा धीर धरता येतो. १०० च असूनही ते पाणी घेत नाही, धाप लागते, मान आखडते, झोपेतून उठत नाही, अंगावर लाल-जांभळे डाग येतात, तर मुळीच थांबू नये.

कोणताही ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर रक्त तपासावे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात तर पहिल्याच दिवशी तपासावे. बहुतेक गावांत आशाताईंकडे त्याची सोय असते. आणि रोज सायंकाळी ९९-१०० ची बारीक कसर, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाचा हा ताप हाताला कळत नाही, वहीत मात्र दिसतो.

ताप उतरला म्हणजे संकट टळले काय?

डेंगीच्या बाबतीत नेमके उलटे होऊ शकते. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका तरुणाचा ताप चार दिवस १०२-१०३ होता. पाचव्या दिवशी ९८ झाला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. परंतु त्याच्या बहिणीने वहीत आकड्यापुढे लिहिले होते, 'पोट दुखते, तीन उलट्या, सकाळपासून लघवी नाही, हात गार.' ती ओळ वाचून आम्ही त्याला तसाच उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले की डेंगीत धोका बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. मुलगा वाचला. नुसता आकडा पाहिला असता तर आम्हीही फसलो असतो. म्हणून वहीत आकड्याशेजारी माणसाची अवस्थाही लिहावी.

आपल्याकडचा उन्हाळाही वेगळा प्रश्न आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे घरातलीच हवा अंगापेक्षा गरम असते, तेव्हा फळीवरचा पाऱ्याचा थर्मामीटर कोणाला न लावताच पार वर चढलेला दिसतो. तो थंड पाण्यात धरून मग झटकावा लागतो. उन्हात राबणारा मजूर बरळू लागला, अंग भट्टीसारखे झाले आणि पारा १०४ च्या वर गेला, तर तो उष्माघात आहे. येथे तापाची गोळी काही कामाची नाही. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

काही चुका टाळाव्यात

ताप चढला की गोधडीवर गोधडी घालून घाम काढण्याची पद्धत सोडावी. बर्फाचे पाणी, स्पिरिट अंगाला चोळू नये. पातळ सुती कपडे, भरपूर पाणी, पेज, वरणाचे पाणी, अंगावरच्या बाळाला आईचे दूध चालू ठेवावे. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये. डेंगीची शंका असेल तर मोठ्यांनीही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये.

पॅरासिटामॉल वजनावर देतात, वयावर अंदाजाने नव्हे. थेंबांच्या बाटलीत आणि सिरपच्या बाटलीत औषधाची मात्रा वेगवेगळी असते. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० ते २५०. चमच्याने थेंबांचे औषध पाजले तर घात होईल. आपल्या मुलाच्या वजनाला किती मिलिलिटर, हे डॉक्टरांकडून एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तापात झटके आले तर कांदा, चप्पल नाकाशी धरू नये, दातात चमचा घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि दवाखान्यात न्यावे. आणि मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक गोळी शेजाऱ्याच्या पोराला देण्याचा परोपकार तर कोणीही करू नये.

वहीत काय लिहावे?

शाळेची उरलेली वही पुरे. तारीख, वेळ, काख की तोंड, आकडा, दिलेले औषध, आणि शेवटी एक ओळ अवस्थेची. उदाहरणार्थ: 'सकाळी ७, काख, १०१.२, सिरप ५ मिलि, पाणी प्याला.' 'दुपारी १, काख, ९९.४, खेळला.' 'रात्री ९, काख, १०२, थंडी वाजली.' बस्स, एवढेच. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. दर दहा मिनिटांनी मोजून घर डोक्यावर घेऊ नये.

आम्ही अनेक वर्षे रुग्णांना घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभे राहत आलो आहोत. तेथे एक गोष्ट पाहिली. "साहेब, पोराला लई ताप हाये" असे म्हणणाऱ्या बाईचे बोलणे अर्ध्यात तोडले जाते. गर्दी असते, डॉक्टर थकलेले असतात, आणि फाटक्या लुगड्याचे ऐकून घेण्याची सवय सर्वांना नसते. तीच बाई वही पुढे करून म्हणते, "तीन दिवस झाले, रोज रात्री १०३," तेव्हा समोरची मान वर होते. आकड्याला कोणी दटावून गप्प करू शकत नाही. गरिबाच्या घरात नोंद असणे हे म्हणून दुप्पट गरजेचे आहे.

आमच्या महिला मंडळाने गल्लीत एक थर्मामीटर आणि एक वही ठेवली आहे. ज्याच्या घरी नसेल त्याने न्यावा, धुऊन परत करावा. हे प्रत्येक वस्तीत करता येईल. आणखी एक विनंती. बारशाला आपण झबली-टोपडी नेतो, ती दोन महिन्यांत आखूड होतात. यापुढे त्यांच्याबरोबर एक थर्मामीटर द्यावा, आणि बाळाच्या आईला व बापाला, दोघांनाही, तो लावायला तेथेच शिकवावे.

मागच्या महिन्यात आमच्या आईला ताप आला. आम्ही सवयीने कपाळाला हात लावायला गेलो, तर धाकटी म्हणाली, "बाबा, सरका." तिने आजीच्या काखेतला घाम पुसला, थर्मामीटर लावला, बीप वाजल्यावर आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मग आजीचा हात हातात घेऊन तिच्याजवळ बसली.